स्वच्छ धातूचा टाक

माझ्या देवघरात अ‍ॅल्युमिनियमचा एक टाक आहे. माझ्या चुलत्यांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा कपाळाला हात लावला. टाक म्हणजे कुलदैवताचा किंवा घरातल्या गेलेल्या माणसाचा ठसा उठवलेला बोटभर पत्रा. तो चांदीचा असावा, ऐपत नसेल तर तांब्याचा, अशी रीत. "अरे, डब्याच्या धातूचा टाक कुणी देवात ठेवतं का?" असं ते म्हणाले. मी म्हटलं, आम्ही ठेवतो. टाक माझ्या बायकोचा होता आणि तिला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

ती वऱ्हाडातली, धातुशास्त्र शिकलेली. मी बीडकडचा, संगणकवाला. कॉलेजात भेटलो, भांडलो, लग्न केलं. मला हिंजवडीत नोकरी लागली आणि तिला तिथून जवळच्या घोटावडे गावातल्या एका लहानशा फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, तेव्हा आम्ही सरळ घोटावड्यातच खोल्या घेतल्या. नव्या शतकाची ती पहिली वर्षं. गावातल्या जुन्या घरांनी तेव्हा गोठे पाडून आमच्यासारख्या बाहेरच्यांसाठी खोल्या काढायला सुरुवात केली होती. घरमालकीण मावशी आमच्याकडून भाडं घ्यायच्या आणि वर आम्हालाच वांगी, दूध, शिव्या असं सगळं पुरवायच्या. मी सकाळी मोटारसायकलवर शेजारच्या चांदे गावावरून हिंजवडीला जायचो. ती पायीच कारखान्यात.

कारखान्यात अ‍ॅल्युमिनियम वितळवून पंपाची झाकणं ओतायचे. मालक हौशी होता. दुचाकीच्या ब्रेकचा ड्रम लोखंडाऐवजी हलक्या धातूचा करता आला तर मोठं गिऱ्हाईक मिळेल, असं त्याच्या डोक्यात भरलं होतं. नुसतं अ‍ॅल्युमिनियम हलकं खरं, पण मऊ. ब्रेक लागून लागून दोन दिवसांत झिजायचं. म्हणून त्यात पॉलिश पेपरवर असते ती काळी, खरखरीत पूड मिसळायची, म्हणजे धातू हलका राहतो आणि झिजत नाही. हे काम त्याने माझ्या बायकोवर सोपवलं.

मला हे सगळं जेवताना कळायचं. नको असलं तरी कळायचं. "तुझं काम सोपं आहे," मी तिला चिडवायचो, "वरणात हिंग घालतात तशी पूड घालायची आणि ढवळायचं." त्यावर ती जेवणाचं ताट बाजूला सारून समजावायला बसायची. अडचण अशी होती की वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम त्या पुडीला धरतच नाही. अळवावरच्या पाण्यासारखं नुसतं घरंगळतं. कितीही ढवळा, पूड फिरून वर येते आणि तरंगत बसते. धातू थिजला की आत जिथे जिथे पूड नीट चिकटलेली नाही तिथे पोकळी राहते, आणि ताकद तपासायला ओतलेला बार, म्हणजे धातूची कांडी, मशिनमध्ये दोन्हीकडून ताणला की नेमका तिथेच तुटतो. "पूड घातल्यानं ताकद वाढत नाही बाप्पा," ती म्हणायची, "पूड धातूनं धरल्यानं वाढते."

आणि धरायला लावणारा मध्यस्थ म्हणजे मॅग्नेशियम. चिमूटभर मॅग्नेशियम पडलं की त्याच धातूचा स्वभाव बदलतो, तो पुडीला भिजवू लागतो. पण हा मध्यस्थ मोठा नखरेल. कमी पडला तर काहीच होत नाही. जास्त झाला तर सगळा रस पिठल्यासारखा दाटतो, आत हवा कोंडते, आणि बार आधीपेक्षाही लवकर मोडतो. तो नुसता वरून टाकला तर पांढराशुभ्र भडका होऊन जळून जातो. ती मॅग्नेशियमचे तुकडे फॉइलमध्ये गुंडाळायची आणि लोखंडी टोपीखाली धरून थेट तळाशी बुडवायची. फॉइल माझ्या पोळ्यांचा. किती दिवस मी डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पोळ्या नेल्या. ऑफिसात लोक विचारायचे, घरी फॉइल नाही का? मी सांगायचो, आहे, पण भट्टीत गेलाय.

थोडं तांबंही घालून पाहिलं होतं तिने. त्याने बार मजबूत व्हायचा, पण तो मुरावा लागायचा. हे मला फार आवडलेलं. धातू गरम करून पाण्यात बुडवला की तो लगेच आपली ताकद दाखवत नाही. नुसता टेबलावर पडून राहिला तरी आतल्या आत घट्ट होत जातो, लोणच्यासारखा.

या कामात तिच्या जोडीला भट्टीवाले दादा होते. जवळच्याच माले गावचे. घरी थोडी भातशेती, बाकी सगळं आयुष्य अ‍ॅल्युमिनियमच्या भट्टीपुढे गेलेलं. ते तिला ताई म्हणायचे, आणि त्या हिशेबाने मी त्यांचा दाजी. दादांचा एकच धर्म होता, धातू स्वच्छ पाहिजे. भट्टीवर एक पांढरी पावडर असते. ती वितळलेल्या धातूत टाकून ढवळली की आतली सगळी घाण फुगून वर येते. ती झाऱ्याने काढून टाकायची, मग खाली आरशासारखा रस. दादा तो रस असा बघायचे, जसं एखादी बाई स्वतःच्या हातच्या लोण्याकडे बघते.

आणि माझ्या बायकोने त्यांना नेमकी तीच पावडर बंद केली होती. कारण त्या पावडरीला घाण आणि आपण मुद्दाम घातलेली पूड यात फरक कळत नाही. ती मॅग्नेशियमही खाते आणि मॅग्नेशियम गेलं की धातू पुडीला सोडून देतो, सगळी पूड वर. "माझ्या मुशीत ती पांढरी पावडर टाकायची नाही, दादा." दादा ऐकायचे, पण जीव कासावीस व्हायचा त्यांचा. एकदा मी डबा द्यायला गेलो तेव्हा तिचं ओतकाम चाललं होतं. राखाडी, जाडसर, मळकट रस. दादा माझ्याकडे वळून म्हणाले, "बगा दाजी, काय ह्यो चिखल. आमी असलं कदी वतलं न्हाई. हात धजत न्हाई. पन ताईंचा हुकूम हाय."

वर त्यांची आणखी एक तक्रार असायची. तिचे बार कापायला घेतले की करवतीची ब्लेडं बोथट व्हायची. "ताईंच्या बारानं माजी ब्लेडं खाल्ली," असं ते सगळ्या गावाला सांगत. ती खूश व्हायची. ब्लेड खाल्लं म्हणजे पूड आत आहे.

तीन वर्षं बार तुटत राहिले. गिऱ्हाइकाने ठरवून दिलेल्या ताणाच्या अलीकडेच तुटत राहिले. घरी येऊन ती तुटक्या बाराचं तोंड खिडकीतल्या उजेडात धरून बसायची. मी विचारायचो, "आज काय म्हणतंय?" ती म्हणायची, "आज पण नाही म्हणतंय." मालक कंटाळत चालला होता. मग एका संध्याकाळी ती घरी आली तीच हसत. मॅग्नेशियमचं माप जमलं होतं. पूड वर आलीच नव्हती. ओतून झाल्यावर मुशीच्या तळाशी, काठाला, कुठेच सुटी पूड राहिलेली नव्हती. "आत गेली रे सगळी," ती म्हणाली. "पाण्यात बुडवून टेबलावर ठेवलेत बार. आता मुरू दे. मग तोडायला नेऊ." तोडायला, हा शब्द ती इतक्या प्रेमाने उच्चारायची की मावशी एकदा घाबरल्या होत्या.

त्याच आठवड्यात तिला ताप आला. गावातल्या डॉक्टरांनी लगेच पुण्याला न्या म्हटलं, आम्ही नेलं. त्याबद्दल मला फार लिहायचं नाही. लिहिताच येत नाही. ताप मेंदूत गेला होता एवढंच. शुद्ध होती त्या शेवटच्या दुपारी तिने माझा हात धरला आणि मी आपलं काहीतरी मोठं, जन्माचं ऐकायला मिळेल म्हणून वाकलो, तर ती म्हणाली, "बार टेबलावर आहेत. कुणाला हात लावू देऊ नको. तोडून आण, आणि मला सांग." मी म्हटलं, सांगतो. तिने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की.

ती गेली. मला सांगायला कुणी उरलं नाही, पण शब्द दिलेला होता.

दिवसकार्य आमच्या गावाकडे झालं. तिथे बायका एकमेकींना सांगत होत्या, "अहेव गेली, सोनं झालं." नवऱ्याच्या आधी गेली, कुंकवासकट गेली, म्हणून भाग्यवान. मला त्या वाक्याचा इतका राग आला की मी उठून मळ्यात जाऊन बसलो. तिशी ओलांडलेली बाई, टेबलावर बार मुरत ठेवून गेलेली, आणि हिचं म्हणे सोनं झालं. तिला सोन्यात काडीचा रस नव्हता. फार मऊ असतं, म्हणायची.

तेरावा आटोपून मी घोटावड्याला परतलो तो एकच गोष्ट डोक्यात घेऊन. बार न्यायचे, तिचा कॉलेजातला वर्गमित्र पुण्यातल्या एका तपासणीच्या प्रयोगशाळेत होता, त्याच्याकडे द्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात निघणार, तोच दारात दादा उभे. अंगावर धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. मागे मावशी. मावशींच्या हातात ताट, ताटात हिरवा खण, वर हळदकुंकू.

"दाजी, ताईंना आनलंय," दादा म्हणाले.

मला काही कळेना. मावशींनी खण उलगडला. आत बोटभर टाक. बाईचा ठसा, कपाळावर आडवं कुंकू, दोन्ही हात खाली सोडलेले. रुपेरी आणि लख्ख.

मावशी डोळे पुसत सांगू लागल्या. पोर अहेव गेली, तिचा टाक देवात बसायलाच हवा. नाहीतर ती घुटमळत राहते, घराला सोडत नाही. दादा म्हणाले, दुकानातला टाक कशाला, ताईंच्या हातच्या धातूचाच करतो. मावशींच्या देवघरात त्यांच्या सासूच्या सवतीचा जुना टाक होता. तो त्यांनी दिला. दादांनी तो वाळूत दाबून साचा उठवला आणि ओतला. म्हणजे त्या टाकावरचा चेहरा माझ्या बायकोचा नव्हता. मावशींच्या घरातल्या, कधीच्या काळी गेलेल्या कुणा बाईचा होता. पण धातू तिचा.

"कुठला धातू?" मी विचारलं.

"टेबलावर ताईंचे बार व्हते की. शेवटचे. त्ये दुसऱ्या भंगारात जाऊ दिले न्हाईत मी. एक बी न्हाई. समदे घेतले."

मी खाली बसलो. दादांना वाटलं, टाक पाहून मला भरून आलं. तेही माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि फार मायेने सांगू लागले. "देवाचं काम हाय, त्यात माती कशी ऱ्हाऊ द्यायची? नवी मूस घेतली. उपास केला. मग पावडर मारली, दोनदा मारली. काय घान निगाली म्हनून सांगू, दाजी! पाटीभर काळी राक वर आली. ताईंच्या जीवाला किती तरास दिला आसंल त्या घानीनं. समदी काढली. आता बगा, हाय का एक डाग?"

एकही डाग नव्हता.

मला ओरडायचं होतं. त्या माणसाला गदागदा हलवून सांगायचं होतं की ती घाण नव्हती, ती तीन वर्षं होती. तोंडातून एवढंच आलं, "राख कुठे टाकली?"

"वढ्याकडं. खड्ड्यात."

संध्याकाळी मी एकटाच तिकडे गेलो. कारखान्याची सगळी राख, मळी त्या खड्ड्यात जायची. वरवर ओली, नवसागरासारखा उग्र वास. तिच्या अंगाला कधीकधी यायचा तोच. मी मूठभर उचलली, उन्हाला धरली. त्यात काळे कण चमकत होते, पण कुठले तिचे आणि कुठले कारखान्यातल्या ग्राइंडरच्या चाकातून झडलेले, हे मला कसं कळणार? ते ओळखू शकणारं एकच माणूस होतं. मी तिथे बसून रडलो. ती गेल्यानंतरचं ते माझं पहिलं रडणं. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही, राखेच्या खड्ड्यापाशी.

टाक ओतून उरलेल्या धातूची एक लहान वडी दादांनी जपून ठेवली होती. ती मी मागून घेतली आणि वर्गमित्राकडे नेली. ताणून तोडण्याइतकी ती मोठी नव्हती. त्याने तुकडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, बराच वेळ पाहिलं. "स्वच्छ आहे," तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे पाहून, "फारच स्वच्छ." एका कोपऱ्यात मोजके कण सापडले त्याला. मी विचारलं, ते तरी धातूने धरलेले आहेत का? तो म्हणाला, "हे जे आहेत ते नीट धरलेले दिसतात. पण एवढ्यावरून काही म्हणता येणार नाही. तीही म्हणाली नसती." हे मात्र खरं. तिने मला तेवढ्यावर हो म्हणू दिलं नसतं.

मालकाने नंतर एकदा तिच्याच मापाने करून पाहिलं. पूड वर आली आणि तरंगत बसली. काय चुकलं ते कुणालाच कळलं नाही. गिऱ्हाइकाने तोवर नाद सोडला होता. कारखाना परत पंपाच्या झाकणांकडे वळला आणि दादा परत आपल्या आरशासारख्या रसाकडे.

ते रस्त्यात भेटले की विचारायचे, "दाजी, ताईंचा बार पास झाला का?" मी त्यांना वडी तपासायला दिल्याचं सांगून बसलो होतो. मी म्हणायचो, "अजून निकाल नाही आला, दादा." ते मान हलवायचे. सरकारी काम असणार, वेळ लागायचाच. एवढं बोलून आम्ही आपापल्या वाटेला लागायचो. त्यांना खरं सांगावं असं मला अनेकदा वाटलं. राग आलेला असायचा तेव्हा तर फार वाटायचं. पण ज्या माणसाने माझ्या बायकोसाठी उपास धरून भट्टी पेटवली त्याला काय सांगणार होतो मी?

टाक मी देवात ठेवला. मी काही फार देवभोळा नाही, पण माझी आई टाक घासायची तसे रोज सकाळी चिमटीत राख घेऊन घासायचो. पुसायचो, कुंकू लावायचो, ऑफिसला जायचो. तेवढा एक वेळ तिच्याशी बोलायला मिळायचा. निकालाचं तिलाही मी तेच सांगत आलो. नाही अजून.

अशी पाच वर्षं गेली. चांद्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या, मावशींनी ओढ्याकडचा तुकडा विकला, खड्डा बुजला. दादांनी काम सोडून माल्याला कायमचं जायचं ठरवलं. जाण्याआधी ते भेटायला आले. "ताईंच्या पाया पडतो," म्हणाले आणि देवघरापुढे बसले.

नमस्कार केला. मग टाक हातात घेऊन दाराच्या उजेडात आले.

"दाजी, ताईंचं तोंड कुटं गेलं?"

मी रोज बघत होतो, म्हणून मला दिसलं नव्हतं. टाकावरची बाई जवळजवळ गेली होती. नाक सपाट, डोळ्यांच्या जागी नुसती गुळगुळीत चमक, हातांच्या दोन पुसट रेघा. मऊ धातू, रोजची राख. घासून घासून मीच तिला सपाट केलं होतं.

"मऊ आहे ना धातू, झिजला," मी म्हणालो.

"ताईंचा धातू कसा झिजंल?" ते सहज म्हणाले. "त्यानं तर माजी ब्लेडं..."

आणि ते थांबले. मी त्यांच्याकडे बघत होतो. टाक त्यांच्या तळहातावर होता. त्यांची नजर टाकावरून माझ्याकडे आली, परत टाकावर गेली. आयुष्यभर धातू पाहिलेला माणूस. त्याला समजायला किती वेळ लागणार?

"ती घान न्हवती," ते म्हणाले.

मी हो म्हणून मान हलवली.

"त्येच व्हतं ताईंचं समदं. आन् मी पाटीभर उचलून फेकलं." ते उंबऱ्यावर टेकले. "मग निकाल कशाचा येनार व्हता, दाजी?"

मी त्यांच्याजवळ उंबऱ्यावर बसलो. माझा राग कधीचा संपला होता, हे मला तेव्हा कळलं. म्हटलं, "दादा, तिच्या टेबलावरून दुसऱ्या कुणी ते बार उचलले असते तर भंगारात गेले असते. तुम्ही देवात ठेवलेत."

त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. त्यांनी डोळे पुसले. मग सवयीने टाकावरून, जिथे चेहरा होता तिथून, अंगठा फिरवायला नेला आणि मध्येच थांबवला. आणखी झिजेल म्हणून.